नगरची थंडी आणि हाफ स्वेटर

नगरच्या थंडीचा स्वभाव ज्याने दिवसभर तिच्या सहवासात राहून पाहिला आहे, त्यालाच तिच्यासाठी वस्त्र निवडण्याचा अधिकार पोचतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर पसरलेल्या या पठारावर कार्तिक सरता सरता आकाश इतके निरभ्र होते आणि हवा इतकी कोरडी पडते की, दिवसभर तापलेली भूमी आपली सारी उष्णता रात्रीतून आकाशाला देऊन मोकळी होते; तिला अडवायला वर ढग नसतो आणि मुंबईसारखा शेजारी समुद्रही नसतो. त्यामुळे पौषातल्या पहाटे पारा १० अंशांच्याही खाली उतरतो, तोटीचे पाणी बोटांना झोंबते आणि शेकोटीभोवती बसलेल्या माणसांची पाठ गारठलेलीच राहते. आणि त्याच दिवशी दुपारी माळीवाड्याच्या वेशीपासून दिल्ली दरवाजापर्यंत पायी जाणारा मनुष्य रुमालाने कपाळ पुशीत असतो. एका दिवसात दोन ऋतू दाखवणाऱ्या या हवेला पूर्ण बाह्यांचा जाड स्वेटर सकाळी नऊपर्यंत उपकारक आणि त्यानंतर केवळ जाच ठरतो. शाल बसून राहणाऱ्याला शोभते, पण काम करणाऱ्याच्या खांद्यावरून ती सारखी घसरते. उरतो तो बिनबाह्यांचा, आपण सगळे ज्याला हाफ स्वेटर म्हणतो तो. आणि आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर मी त्याचा जो अनुभव घेतला त्यावरून, या पठारासाठी याहून योग्य वस्त्र विणले गेले नाही असे म्हणण्यास मला यत्किंचितही संकोच वाटत नाही.

यात निव्वळ सोयीचा विचार नाही, शरीरशास्त्राचाही आहे. छाती आणि पाठ गार पडू लागली की शरीर आपल्या मुख्य अवयवांच्या रक्षणार्थ हातापायांकडे जाणारे रक्त आखडते घेते, आणि म्हणून बोटे बधिर होतात. उलट धड उबदार राहिले तर तेच रक्त बोटांच्या टोकांपर्यंत निर्धास्त वाहते. याचा अर्थ असा की, हातांना ऊब द्यायची असेल तर पहिली तरतूद छातीची करावी लागते. आमच्या पूर्वजांना रक्ताभिसरणाचे हे विवेचन कोणी ऐकवले नव्हते, तरी त्यांच्या बंडीच्या बेतात ते पुरेपूर उतरले होते. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबा पहाटे मोटेवर जात ते अंगात जाड मांजरपाटाची, आतून जुन्या लुगड्याचे अस्तर लावलेली बंडी घालून. तिला पोटाशी दोन खिसे, पुढे कसे, आणि दंड पूर्ण उघडे. खांद्यावर घोंगडी असे, पण बैलांचे कासरे हाती घेण्याची वेळ आली की ती विहिरीच्या थारोळ्यावर पडे आणि बंडी तेवढी अंगावर राही.

त्या घोंगडीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. आमच्या मुलखातली दख्खनी मेंढी काळी, काटक आणि दुष्काळ सोसणारी. तिची लोकर राठ, आखूड आणि टोचरी. दिवाळीच्या सुमारास ढवळपुरीकडचे धनगर आपले वाडे घेऊन घाट उतरून कोकणात जात आणि पावसाच्या तोंडाशी परतत. त्या लोकरीचे सूत मागावर चढवण्यापूर्वी त्याला चिंचोक्याची खळ लावीत, आणि तिच्यामुळे नव्या घोंगडीला जो ताठरपणा येई तो पहिला पावसाळा उलटल्यावाचून जात नसे. पाऊस, वारा, थंडी या तिन्हींशी झुंजणारे असे दुसरे वस्त्र नाही. परंतु अंगालगत घालण्याजोगी मृदुता त्या लोकरीत नसल्यामुळे, मेंढरांचा हा एवढा मोठा जिल्हा असूनही येथील स्वेटर मात्र सदैव परप्रांतीच्या लोकरीचा राहिला. या गोष्टीची मला आजही खंत वाटते.

स्वेटर आमच्याकडे आला तो साहेबांच्या मागून, आणि बराचसा क्रिकेटच्या मैदानावरून. इंग्लंडचा युवराज एडवर्ड १९२१ च्या नोव्हेंबरात मुंबईस उतरला तेव्हा गांधीजींच्या हाकेसरशी त्याच्या स्वागतावर बहिष्कार पडला होता. त्याच दौऱ्यात पुण्यास शिवस्मारकाची कोनशिला त्याच्या हस्ते बसली. हाच युवराज पुढच्या वर्षी स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ-मैदानावर फेअर आयल नावाच्या लहानशा बेटावरील बायकांच्या विणीचा रंगीत पट्ट्यांचा स्वेटर घालून गेला, आणि कोळ्यांच्या घरची ती वीण बघता बघता उच्चभ्रूंच्या पोशाखात शिरली. त्या विणीत दोन रंगांचे धागे एकाच ओळीत चालतात. जो धागा पुढे दिसत नाही तो मागून नेला जातो, आणि म्हणून ते कापड दुपदरी होऊन अधिक ऊब देते. नक्षी म्हणून आपण जिचे कौतुक करतो तिचा उगम असा वादळी समुद्राच्या गारठ्यात आहे. क्रिकेटच्या स्वेटरचेही तसेच: पांढरी वेणीदार वीण, गळ्याला रंगीत काठ आणि बाह्यांना फाटा, कारण गोलंदाजाचा हात कानाला घासून वरून आला पाहिजे आणि काखेत जराही ओढ बसता कामा नये. आमच्या श्रीरामपूरच्या झहीर खानने २००७ साली नॉटिंगहॅमच्या कसोटीत नऊ बळी घेतले, तेव्हा दूरचित्रवाणीसमोर बसून त्याचा तो डावा हात पाहताना मला या साध्या शिवणशास्त्राचीच आठवण होत होती.

माझ्या अंगावर पहिला हाफ स्वेटर आला तो आत्याच्या हातचा. शिक्षणासाठी मी नगरला तिच्या घरी राहिलो होतो. दुपारची भांडी आटोपली की ती ओसरीवर बसे, लोकरीची लड माझ्या दोन्ही हातांत अडकवून तिचा गुंडा करून घेई आणि मग सुयांची बारीक टिकटिक सुरू होई. खालचा काठ ती बारीक सुयांवर घाली, दोन सुलट दोन उलट, कारण काठाने कमर धरून ठेवायची असते. काठ चार बोटे झाला की जाड सुया घेऊन मधला भाग सैल, मोकळा वाढवी. बगलेपाशी आली की तिचे बोलणे थांबे. तेथे दर ओळीला किती टाके कमी करायचे हा हिशेब ती मनातल्या मनात करी आणि मला समोर उभे करून म्हणे, "हात वर कर रे. आता पुढे घे. पाठीत ओढतंय का, खरं सांग." मी नाही म्हटले तरी तिचा विश्वास बसत नसे, दोन बोटे बगलेत घालून ती स्वतः खात्री करून घेई, आणि तेवढी जागा सापडली नाही तर वीतभर विणलेले निःशंकपणे उसवी. हाफ स्वेटरचे सारे मर्म बगलेत असते हे मी तेव्हा शिकलो. बगल उथळ झाली तर सदरा काखेत गोळा होतो, खोल झाली तर स्वेटर कितीही उंची लोकरीचा असला तरी पोत्यासारखा लोंबतो.

पुढे महसूल खात्यात उमेदवार कारकून म्हणून लागलो तो ऐन १९७२ च्या दुष्काळात. पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामे निघाली होती, आणि उजाडताच हजेरीपट घेऊन कामावर उभे राहावे, मुकादमाच्या यादीशी माणसे ताडून पाहावीत, तगाईचे व दाखल्यांचे अर्ज तेथेच घ्यावेत, असा वरून हुकूम होता. कर्जत-जामखेडकडच्या त्या उघड्या माळावर वाऱ्याला आडोसा म्हणून झाड नव्हते. आत्याचा करडा स्वेटर सदऱ्यावर आणि त्यावर कोट अशा पोशाखात मी उभा असे. दौत, टाक, शिक्क्याची पेटी हाताळताना बाह्यांची आडकाठी नव्हती, ऊन चढले की कोट दप्तरावर पडे, आणि उरलेला दिवस स्वेटरवर निभावे. परंतु माझ्यासमोर रांगेत ज्या बाया खडी फोडायला उभ्या असत त्यांच्या अंगावर लुगड्याच्या पदराखेरीज काही नव्हते. पोराला पदरात घेऊन त्या हजेरी देत, सुकडीची वाट पाहत, आणि हातोडा उचलल्यानंतरच त्यांच्या अंगात ऊब येत असे. उबदार वस्त्र ही हौसेची बाब आहे असे कोणी म्हटले की मला ती रांग दिसते. छातीपुरती लोकर हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असे मी तेव्हापासून मानीत आलो आहे, आणि दर हिवाळ्यात घरातले जुने धडके स्वेटर ऊसतोडीच्या कोप्यांवर पोचते करण्याचा परिपाठ आमच्या घरी त्याच जाणिवेतून पडला.

बिनबाह्यांच्या वस्त्राचा विचार करताना नगरच्या माणसाचे मन भुईकोट किल्ल्याकडे वळणे क्रमप्राप्त आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे पुढारी येथे बंदीत आणले गेले. पंडित नेहरू १९४५ च्या मार्चपर्यंत येथे होते, आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' येथेच लिहिला. मौलाना आझाद पहाटे तीन-चारला उठून स्वतःच्या हाताने चिनी चहा करीत आणि पत्रे लिहीत; तीच पत्रे पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने उर्दू वाङ्मयात अजरामर झाली. नेहरूंच्या नावाने ओळखले जाणारे जाकीट कुळाने बंडीच्या जवळचे: छाती झाकलेली, गळा बंद, हात मोकळे. लिहिणाऱ्या, बागेत खुरपणी करणाऱ्या, सभेत हात उंचावणाऱ्या माणसाला या देशाच्या हवेत काय हवे असते, याचे उत्तर आजोबांच्या बंडीने आणि त्या जाकिटाने एकच दिले आहे.

गेल्या हिवाळ्याच्या आरंभी नातू पुण्याहून आला आणि त्याला हाफ स्वेटर हवा होता, तोही आपल्या कचेरीत घालता येईल असा देखणा. आम्ही दोघे कापडबाजारात गेलो. दुकानदाराने लुधियानाच्या मालाचा ढीग पुढ्यात टाकला: शंकरपाळ्याच्या नक्षीचे, आडव्या पट्ट्यांचे, वेणीच्या विणीचे, काही पुढे गुंड्यांचे. नातवाने सवयीप्रमाणे आधी रंग पाहिले. मी काठ पाहिला. दोन बोटांनी काठ ताणून सोडला तर तो तत्काळ मूळ जागी आला पाहिजे; जो रेंगाळतो तो एका हंगामात कमरेला घोळ धरतो. मग खांदा: बगलेची कड खांद्याच्या हाडाशी संपावी, दंडावर ओघळू नये. लांबी पट्ट्यापर्यंत असावी, म्हणजे हात वर केला तरी सदरा बाहेर येत नाही आणि खाली बसले तरी पोटावर वळी पडत नाही. गळा इंग्रजी व्हीसारखा असेल तर त्याचे टोक सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीच्या आसपास थांबावे. त्याहून खोल गेले की छाती उघडी पडते आणि वस्त्राचा हेतूच हरपतो.

"आजोबा, यावर शुद्ध लोकर असं लिहिलंय," नातू म्हणाला. मी दुकानदाराची परवानगी घेऊन आतल्या शिवणीचा सुटलेला धागा काडीवर धरला. लोकर असती तर केस जळल्याचा वास आला असता आणि बोटांत चुरगळणारी राख झाली असती. येथे धागा वितळून त्याचा टणक मणी झाला. बाजारात ज्याला सरसकट कॅशमिलॉन म्हणतात तो हा कृत्रिम धागा. तो स्वस्त आहे, धुवायला सोपा आहे, गरिबाच्या अंगावर ऊब देतो, आणि त्याचा अनादर करण्याचे मला कारण नाही. पण खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतका ओलावा शोषूनही ओली लागत नाही, आणि सकाळी गारठणाऱ्या व दुपारी घामेजणाऱ्या आमच्या या हवेत हा गुण अनमोल आहे. कृत्रिम धाग्यात घाम अंगाशीच राहतो, आणि संध्याकाळी वारा सुटला की तोच घाम गार होऊन हुडहुडी भरवतो. शिवाय महिन्याभरात त्याच्यावर लोकरीचे गोळे धरू लागतात, आणि मग रुबाब कसला?

रंगाविषयी नातवाचे आणि माझे मतभेद झाले. त्याला काळा हवा होता. मी राखी किंवा बाटलीचा हिरवा सुचवला, कारण नगरची धूळ काळ्या लोकरीवर पांढरी बसते आणि ती झटकून जात नाही. शिवाय भर उन्हात सावळ्या वर्णावर तो गडद हिरवा जसा खुलतो तसा काळा खुलत नाही, हे मी अनेक लग्नसमारंभांतून पाहिले आहे. नक्षी हवीच असेल तर ती छातीपुरती आणि दोन रंगांत असावी. सदरा चौकड्यांचा असेल तर स्वेटर सपाट विणीचाच घ्यावा. त्याने सारे ऐकून घेतले, आरशासमोर चार घालून पाहिले, आणि शेवटी एकही घेतला नाही.

भिंगारला एक बाई अजून हाताने विणून देतात. आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी छातीचे माप घेतले, त्यात दोन इंच सैली धरली, नातवाला हात पुढे घ्यायला लावला आणि बगलेत दोन बोटे घालून पाहिली. लोकर मेरिनोची, रंग बाटलीचा हिरवा, काठ दोन सुलट दोन उलट, असे ठरले. बयाणा देऊन आम्ही निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, दत्तजयंतीपर्यंत होईल, पण खांदे जोडण्यापूर्वी एकदा अंगाला लावून पाहायला मुलाला पाठवा.