भदेलीला जाऊन आले

कोसाड, सुरत

ती. स्व. नानामामांस,
सुमीचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मी मोरारजी देसाईंच्या भदेलीचं नाव काढलं आणि तुम्ही इतका वेळ गप्प राहिलात की मला वाटलं फोन कट झाला. मग मामींनी फोन घेऊन पावसाचं विचारलं. म्हणून पत्रच लिहिते. ते अर्धवट ऐकून मामींच्या हातात देता येत नाही.

आपल्या घरात मोरारजींचं नाव कसं घेतलं जायचं ते मला चांगलं आठवतं. कोणी हट्ट सोडेना, की आजी म्हणायची, 'मोरारजी झालाय नुसता!' तुम्ही तर नावच घ्यायचा नाहीत. १९५६ च्या जानेवारीत तुम्ही चौदा वर्षांचे, लालबागला काकांच्या खोलीत राहत होता. मुंबई केंद्रशासित होणार हे नेहरूंनी जाहीर केलं आणि गिरणगाव पेटलं. त्याआधी २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी पंधरा माणसं गोळीला बळी पडली होतीच. तुमच्या जिन्यात रक्त सांडलं होतं, एवढंच तुम्ही एकदा सांगितलंत. पुढचं कधी सांगितलं नाहीत, आणि आम्ही विचारलं नाही. त्या वेळी मुख्यमंत्री मोरारजी देसाई. त्यात वादाला जागा नाही, आणि मी वाद घालायला बसलेही नाही.

पण मामा, इथे त्यांना 'मोरारजीकाका' म्हणतात. १९५७ पासून सलग पाच वेळा सुरतेने त्यांना लोकसभेत पाठवलं. समोरच्या ब्लॉकमधले म्हातारे गुजराती शेजारी त्यांच्या सभांच्या आठवणी सांगतात, तेव्हा मी साडीला टिक्या लावत मान खाली घालून ऐकते. ऐकता ऐकता वाटलं, एकदा बघून तरी यावं.

कोसाडहून मेमूने सुरत, तिथून वलसाडची गाडी. नवसारी गेलं की शहर सुटतं. अमलसाडला चिकूच्या पाट्या, पुढे बिलिमोरा, डुंगरी, आणि दोन्ही बाजूंना आंब्याच्या वाड्या. वलसाडहून रिक्षाने भदेली. समुद्र जवळ असल्याचं वाऱ्यावरून कळतं. २९ फेब्रुवारी १८९६ ला त्यांचा जन्म इथला. तेव्हा हा मुलूख सुरत जिल्ह्यातच होता. वडील रणछोडजी भावनगरकडे शिक्षक. मुलाच्या लग्नाला तीन दिवस उरले असताना त्यांनी विहिरीत जीव दिला. मुलगा पंधरा वर्षांचा. लग्न ठरल्या दिवशीच झालं. यावरून त्यांचा स्वभाव उलगडून दाखवणारे पुष्कळ भेटतात, मी त्यात पडत नाही.

गाव म्हणाल तर देसायांचं, म्हणजे अनाविल ब्राह्मणांचं. जमिनी त्यांच्या. आणि दक्षिण गुजरातेत जिथे अनाविलांच्या जमिनी, तिथे हळपतींची वस्ती आलीच. पूर्वी त्यांना दुबळा म्हणत. लग्नासाठी देसायाकडून कर्ज काढायचं आणि जन्मभर त्याच्या शेतावर राबायचं, पुढे मुलानेही. हाळी प्रथा म्हणत तिला. मी एका ओसरीवर पाणी मागितलं. घरची बाई बोलकी होती. मोरारजीकाकांचं तिने अभिमानाने सांगितलं, झोपाळ्यावर बसवलं, चहा दिला. तिच्या अंगणात भाताची तुसं पाखडत एक म्हातारी बसली होती. मी तिलाही विचारलं. ती म्हणाली, मोठे माणूस, आम्ही त्यांचं काय बघितलेलं असणार? आणि पाखडत राहिली.

परतताना गाडीत मला तुमची लोखंडी पेटी आठवली. तीत आजोबांचा ३२ म चा दाखला आहे, पिवळा पडलेला, जो तुम्ही दर दिवाळीत काढून परत ठेवता. त्या चार एकरांवर तुम्ही शिकलात, आईचं लग्न झालं. तो दाखला ज्या कूळकायद्याने मिळाला, तो १९४८ चा. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात तेव्हा महसूल खातं कोणाकडे होतं, हे तुम्हाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. आणि कुळाला मालक करणारी दुरुस्ती १९५६ सालची. तेच वर्ष, मामा. तोच मुख्यमंत्री. १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन आला तेव्हा मोरारजी दिल्लीला गेलेले आणि यशवंतराव खुर्चीवर, म्हणून आपल्याकडे श्रेय कुठे द्यायचं ही अडचण कधी पडली नाही. कायदा त्यांच्या स्वतःच्या जातभाईंनाही लागू झाला, आणि पुष्कळ देसायांनी त्यांना त्याबद्दल मनातून माफ केलं नाही.

म्हणून गोळीबार फिटला, असं मी म्हणत नाही. तसा हिशेब मांडणाऱ्यांची मला चीड येते. मला दोन्हीकडे एकच माणूस दिसतो. नियम लिहायचा आणि त्याबाहेर जे उरेल त्याकडे बघायचं नाही. कायद्याने कुळाला जमीन दिली, कारण कुळाचं नाव कागदावर होतं. हाळी कूळ नव्हता, नुसता राबणारा. त्याचं नाव कुठेच नव्हतं, त्याला काही मिळालं नाही. तुसं पाखडणारीच्या घरात तुमच्यासारखी पेटी नसणार. १९६३ ला सुवर्णनियंत्रण आलं, १४ कॅरेटच्या वर दागिने घडवायला बंदी, तेव्हाही तेच. वित्तमंत्री म्हणून परकीय चलन त्यांना दिसत होतं, अमळनेरच्या सराफ गल्लीतली फुंकणी हातात धरून बसलेली माणसं दिसली नाहीत. (त्यांचीच १९४९ ची दारूबंदी गुजरातेत अजून चालू आहे. कोसाडला ती कशी पाळतात ते पत्रात लिहीत नाही, पत्र कोणी फोडलं तर पंचाईत.)

आणि तुम्हीही त्यांना एकदा मत दिलंत. रागावू नका. १९७७ ला त्यांच्या पक्षाच्या हलधराच्या चिन्हावर शिक्का मारून आलात आणि आईला म्हणालात, एसेमसुद्धा त्याच पक्षात आहेत. संयुक्त महाराष्ट्रासाठी मोरारजींशी झुंजलेले एसेम जोशी! आणीबाणी उठवायची होती, बाकीचं नंतर बघू, असं तुमचं म्हणणं. मला ते तेव्हाही पटलं होतं. त्यांच्या सरकारने १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती करून पुन्हा आणीबाणी लादणं अवघड केलं, म्हणजे तुमचं मत वाया गेलं नाही. पुढे त्यांचं म्हातारपण मुंबईतच, मरीन ड्राइव्हला गेलं. १० एप्रिल १९९५ ला तिथेच, मुंबईत वारले. वय नव्याण्णव. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेपर उघडून बराच वेळ वाचत होतात, असं मामी सांगतात.

माझं सासर निझरचं. खानदेशातली ती गावं १ मे १९६० ला गुजरातेत गेली, म्हणून माझी मुलं गुजराती शाळेत शिकली आणि आता मला मराठीत उत्तर देताना अडखळतात. सीमा कुठे आखली याचा राग मला तुमच्याइतकाच आहे. तरी भदेलीहून येताना तो राग डोक्यात नव्हता. डोक्यात आपल्याच शेतावरचा सालदार होता. गुलाबबाबा म्हणायचो त्याला आम्ही. आजोबा कूळ असतानाही तो होता, मालक झाल्यावरही होता. पाडव्याला त्याचं साल ठरायचं, जोडीला धोतर आणि धान्य. त्याचं आडनाव काय होतं, मामा? त्याची मुलं कुठे गेली? त्या चार एकरांतलं त्याच्या नावे काही झालं होतं का?

उत्तर फोनवर देऊ नका, लिहा. मामींना नमस्कार. गुडघ्याचं तेल पाठवते आहे, ते रात्री लावा.

आपली,
सुमी