पलीकडून उत्तर नाही

रात्री वीज गेली, पहाटे आली. सकाळी दूरच्या सर्व्हरला जोडायला बसलो, तर काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहिला. बऱ्याच वेळाने एक ओळ उमटली: कनेक्शन टाइम्ड आउट. छातीत धस्स झालं. आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या त्याच यंत्रावर आहेत.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो नकार असला तरी उत्तर असतं. हाक पोचली, यंत्र जागं आहे, त्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलं नाही, एवढंच. टाइम आउटमध्ये काहीच कळत नाही. हाक वाटेत हरवली, की कुणी ऐकून गप्प राहिलं? पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते पाहणारा ‘पिंग’ हा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला आणि नाव दिलं ते सोनारच्या आवाजावरून. अंधाऱ्या पाण्यात टाकलेली हाक. मी तासभर पिंग पाठवत राहिलो आणि मनात सारखा धाकटा भाऊ येत होता. दिवाळीपासून आमचं बोलणं नाही. त्याने भांडलेलं मला चाललं असतं.

दुपारी कारण सापडलं. वीज आल्यावर घरच्या राउटरला नवा आयपी पत्ता मिळाला होता आणि सर्व्हरची फायरवॉल फक्त जुना ओळखत होती. माझी प्रत्येक हाक ती चकार शब्द न काढता टाकून देत होती. वेब कन्सोलमधून शिरून नवा पत्ता नोंदवला.

ओव्या जागेवर आहेत. धाकट्याला अजून फोन केलेला नाही.