खो मिळेपर्यंत

चाळिशी ओलांडल्यावर आमच्या भागातल्या बायकांच्या हौशी खो-खो संघात नाव दिलं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. त्याची झिंग असावी. आठजणी चौकोनांत बसलेल्या, एकीआड एकीचं तोंड उलट दिशेला, नववी धावते. मला धावण्यापेक्षा हे बसणंच जड जातं. गुडघे कुरकुरतात, पोट मध्ये येतं (शाळेत ते कुठे होतं!). तरी त्या बसण्यात काहीतरी आहे. पाठीवर थाप कधी पडेल, कळत नाही; सगळं अंग कानात येतं. इतकी सावध मी एरवी कशासाठी असते? एकदा दिशा धरली की खांब गाठल्याशिवाय मागे फिरता येत नाही, हा नियम शाळेत खेळताना जाचायचा. आता बरा वाटतो. का, ते नीटसं सांगता येणार नाही.