मासा चावला !

"अगं बाई, मासा चावला !"

मामीच्या या वाक्यावर सगळं घर हसलं. हसणाऱ्यांत मीही होते, आणि त्याच हसण्याबद्दल मला लिहायचं आहे.

शेवटचा पेपर झाला की मी तेलगावला मामाकडे पळते. तेलगाव म्हणजे बीड, परळी, माजलगाव, धारूर अशा चारही बाजूंच्या गाड्या थांबतात ते गाव. डिसेंबरात तर रस्त्यावर माणसं कमी आणि कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या जास्त ! या खेपेला घरात नवे पाहुणे होते. सहावीतल्या मामेभावाने हट्ट करून फिश टँक आणला होता. दोन एंजल, चार मॉली, बुडबुडे सोडणारा एअर पंप आणि थंडीसाठी काचेच्या नळीतला हीटर.

टँक उंचावर असल्यामुळे मामी लाकडी पाटावर उभी राहून पाण्यातलं पान काढत होती. बोटांना झिणझिण्या आल्या आणि मासा बदनाम झाला. रात्री जेवताना आजी म्हणाली, "मलाबी परवा चावला की."

मॉली दोघींना चावेल ? आता मात्र माझ्यातली इंजिनिअर जागी झाली (उशिरा का होईना). मामाच्या ड्रॉवरमधला टेस्टर घेतला, टोक पाण्याला लावलं. लख्ख लाल दिवा ! हीटरचा प्लग काढला, दिवा गेला. हीटर बाहेर काढून पाहिला तर काचेला केसाएवढी चीर आणि आत पाणी.

चीर कशी गेली तेही कळलं. रविवारी बंधुराजांनी हीटर चालू ठेवूनच टँकचं पाणी उपसलं होतं. उघडी पडलेली काच तापली, तिच्यावर थंड पाणी पडलं आणि ती तडकली.

मामाचा पहिला प्रश्न, "अगं, करंट असता तर मासे मेले नसते का ?"

नाही ना ! तारेवर बसलेली चिमणी मरते का ? करंट वाहायला जायची वाट लागते. काचेच्या टँकमधलं पाणी जमिनीला कुठेच जोडलेलं नव्हतं. सगळं पाणीच 230 व्होल्टला, म्हणून मासे मजेत. हीटरला वायरी दोनच, अर्थिंगची तिसरी नव्हतीच. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे 'अर्थ' म्हटलं की मला आधी पृथ्वी आठवते आणि मग मराठीतला अर्थ. इथे दोन्ही एकदम कळले. त्या पाण्याला अर्थ नव्हता. जो हात घालेल, तोच त्याचा अर्थ होणार होता. मामीला पाटाने वाचवलं. पण बंधुराज दर रविवारी ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहून टँक धुतात...

दुसरा प्रश्न, "मग फ्यूज का नाही उडाला ?"

6 अँपिअरचा फ्यूज उडायला 6000 मिलीअँपिअरपेक्षा जास्त करंट लागतो. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स साधारण 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला 230 मिलीअँपिअर होतात. फ्यूजच्या हे खिजगणतीतही नाही, माणसाला मात्र पुरून उरतं. फ्यूज वायरिंग वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की तो सेकंदाच्या काही अंशात लाईन तोडतो.

दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावून मीटरजवळ तो बसवला. 'टेस्ट' बटण दाबून दर महिन्याला तपासायची ड्यूटी मामाकडे. एअर पंप टँकच्या खालच्या फळीवर होता, तो पाण्याच्या पातळीच्या वर टांगला. कारण लाईट गेली की पंप थांबतो आणि त्याच नळीतून पाणी उलटं पंपात उतरू शकतं. आणि लाईट जाणं आमच्याकडे काय नवीन आहे ? वायरींना बोर्डाच्या खाली झोल दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाशीच टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

मित्रांनो, फर्स्ट इयरला मी अर्थिंगची आकृती कोळसा, मीठ, पाइप, सगळं बाणांसकट काढली होती. मार्कही पूर्ण ! पण मामी ओरडली तेव्हा मला ती आकृती आठवली नाही, मी हसले. मधल्या त्या चार तासांत आणखी कुणी हात घातला असता तर ? हा प्रश्न अजूनही झोपताना येतो.

तुम्ही म्हणाल, हॉस्टेलवर कुठे आलेत मासे ? बरोबर. पण बादली आहे, पाण्याचा रॉड आहे, आणि "तापलं का" म्हणून बोट बुडवून बघणारे आपण आहोतच ! आधी प्लग काढा, मग बोट घाला.

परवा मामेभावाचा फोन आला. त्याने टँकवर पाटी लावली आहे : 'हात घालण्यापूर्वी प्लग काढणे. हुकुमावरून.' खाली सही मात्र माझ्या नावाची !