सपाटीवर सगळ्याच गाड्या शहाण्या

शिरवळ, रविवार

ती. काकांस,


पुण्याहून महाबळेश्वरला निघालेला जुन्या मोटारींचा एक ताफा आज सकाळी आपल्या गावावरून गेला. फाट्यावर पोरांनी मोबाइल काढून ही गर्दी केली. मी मात्र मोटारसायकल काढली आणि ताफ्याच्या आधी खंबाटकी घाट गाठून दत्त मंदिराच्या वळणाअलीकडे उभा राहिलो. सपाटीवर कुठलीही गाडी शहाणीच दिसते, तिची खोड कळते चढावर, हे तुमचंच म्हणणं.

पहिली आली ती फोर्डची मॉडेल ए. १९२७ ते १९३१ या काळातलं मॉडेल, गिअर तीनच आणि त्यांना सिंक्रोमेश नाही. म्हणजे चढावर खालचा गिअर टाकायचा तर डबल क्लच आलाच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरा रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. हे सगळं गाडीचा वेग मरायच्या आत. चालवणारे गृहस्थ सत्तरीचे असावेत. मी कान लावून ऐकत होतो, पण ‘खर्र’ असा आवाज एकदाही आला नाही. गाडीच्या पॉलिशपेक्षा मला त्यांच्या डाव्या पायाचं कौतुक वाटलं.

मागून मॉरिस मायनर आल्या, एक विलीज जीप आली आणि मग तुमची पद्मिनी. वळण घेतानाच ती आचके देऊ लागली आणि कडेला थांबली. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसती ती वाफच ओढतो, हे तुम्ही मुंबईत टॅक्सीवर किती वेळा सोसलंय! मालक तरुण होता, पण तयारीचा. बोनेट उघडलं, डिकीतून पाण्याची बाटली आणि फडकं काढलं, फडकं भिजवून पंपावर गुंडाळलं आणि शांतपणे सावलीत जाऊन बसला. मागे ट्रकवाले हॉर्न देत होते. थोड्या वेळाने गाडी एका स्टार्टरला चालू झाली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ला वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली. ओल्या फडक्याची विद्या मात्र तिच्याबरोबर गेलेली नाही, हे तुम्हाला मुद्दाम कळवतो.

आणखी एक गंमत. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली आणि बदल्यात महाराजांना आपलं शेजारचं खंडाळा गाव दिलं. आजचा ताफा खंडाळ्यावरून खंबाटकी चढला, सुरूर फाट्याला वळून वाई, पसरणी घाट, पाचगणी करत वर गेला. म्हणजे त्या सौद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. पण हे फाट्यावर कुणाच्या गावीही नव्हतं. सगळ्यांचं लक्ष गाड्यांच्या क्रोमवर.

माझं म्हणणं एवढंच, की या खेळात रस्त्यालाही मान हवा. विलायतेत लंडन ते ब्रायटन अशी जुन्या मोटारींची दौड होते. १९०५च्या आधी बनलेल्याच गाड्या तिथे चालतात. १८९६ साली मोटारींना ताशी १४ मैलांपर्यंत पळायची मुभा मिळाली, त्या आनंदात तेव्हाचे मोटारवाले ज्या वाटेने निघाले होते त्या प्रवासाची ती आठवण. तिथे ब्रायटनच्या रस्त्याचं नाव गाड्यांइतकंच मोठं आहे. आपल्याकडे जुन्या गाड्या बहुधा शहरातल्या मैदानात उभ्या करून दाखवतात. तिथे रंग दिसतो, चामडी गाद्या दिसतात, पण गाडी दमते कशी आणि चालवणारा तिला सांभाळतो कसा, हे दिसायला घाटच पाहिजे.

आणि आपला घाट अजून नोकरीवर आहे! साताऱ्याकडून पुण्याला येणारी वाहनं बोगद्यातून येतात, पण साताऱ्याकडे जाणारे ट्रक आणि एसट्या आजवर याच जुन्या वळणांवरून चढत आल्या आहेत. शेजारी नवे जोडबोगदे होताहेत. जड वाहतूक एकदा तिकडे गेली की या घाटाचं काय करायचं, याचा विचार आत्ताच व्हायला हवा. दरडी आणि झुडपांच्या हवाली करण्यापेक्षा वर्षातून काही रविवार तो जुन्या गाड्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळा द्यावा. कठडे धड ठेवावेत, रेडिएटरसाठी पाण्याची सोय राखावी, एवढ्याने भागेल. ग्रामपंचायतीतल्या मंडळींशी मी बोलणार आहे. त्यासाठी मुंबईहून या घाटाने आपापल्या गावी जाताना तुमचे जुने ड्रायव्हर लोक कुठे थांबत, कुठे पाणी भरत, कुठल्या वळणाला कुठला गिअर धरत, हे मला सविस्तर लिहून पाठवा. अक्षर कसंही असो.

ताफा मंगळवारी परतणार आहे, पण बोगद्यातून, तेव्हा त्यात बघण्यासारखं काही नाही. पुढच्या खेपेला मात्र तुम्ही याच. गाडी कुणी चालवायला देणार नाही, पण बोनेट उघडायची वेळ आली की तुम्हालाच हाक मारतील. काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या