भांडाराची किल्ली

आषाढातली संध्याकाळ. दिवसभर भाताच्या खाचरात चिखलणी करून नानांचा धाकटा भाऊ बांधावर चढला आणि त्याच्या घोट्याजवळ चटका बसल्यासारखे झाले. बॅटरीच्या उजेडात साप दिसला. अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, म्हणजे घोणस. कुणी म्हणाले देवळात न्या, कुणी दोरी आवळायला धावले. भावजयीने सगळ्यांना गप्प केले. "नाना, गाडी काढा," एवढेच ती म्हणाली.

पाऊण तासात ते प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचले. डॉक्टरबाई तरुण होत्या, जागेवर होत्या आणि काय करायचे ते त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी काचेच्या नळीत थोडे रक्त घेतले, ती न हलवता वीस मिनिटे ठेवली आणि मग कलती केली. रक्त गोठले नव्हते, पाण्यासारखे वाहत होते. घोणशीचे विष रक्तात भिनल्याची ही खूण. या साध्या तपासणीला नळी काचेचीच लागते, नवी आणि कोरडी लागते. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी चुकीचे उत्तर देते. चार पैशांची वस्तू, पण ती नसेल तर डॉक्टरांना अंदाजावरच भागवावे लागते.

विषावरच्या औषधाच्या सुरुवातीला दहा कुपी द्याव्या लागतात. केंद्राच्या कपाटात चार होत्या.

डॉक्टरबाईंनी त्या चार दिल्या. औषधाची उलट प्रतिक्रिया आली तर हाताशी असावे म्हणून ॲड्रेनलिनचे इंजेक्शन भरून ठेवले, १०८ ला फोन केला आणि रुग्णाला जिल्ह्याच्या गावी पाठवले. तिथे वॉर्डातल्या कपाटात सहा कुपी होत्या, त्या मिळाल्या. दहा पूर्ण झाल्या. पण सहा तासांनी, रात्री साडेतीनला, पुन्हा नळी कलती केली तेव्हा रक्त तसेच पातळ होते. आणखी कुपी हव्या होत्या. त्या तळमजल्यावरच्या भांडारात होत्या. भांडाराला कुलूप होते. किल्ली औषधनिर्मात्याकडे होती आणि तो तीन किलोमीटरवर आपल्या घरी झोपला होता.

वॉर्डबॉयच्या मोटारसायकलवर मागे बसून नाना स्वतः किल्ली आणायला गेले. जाऊन येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. भांडार उघडले, सलाइनची खोकी बाजूला सारली, तेव्हा मागे सर्पविषाच्या औषधाची पाच खोकी सापडली. गावच्या केंद्रात चार कुपी आणि इथे खोकीच्या खोकी.

भाऊ वाचला. मूत्रपिंडांना धक्का बसल्यामुळे दोनदा डायलिसिस करावे लागले आणि अकराव्या दिवशी तो घरी आला. नातेवाइकांनी डॉक्टरांचे आभार मानले, देवाचे मानले. नानांच्या मनात मात्र ते भांडार घर करून बसले. एस.टी.च्या डेपोत त्यांनी तीस वर्षे हेच काम केले होते. फॅन बेल्ट, ब्रेक लायनर, बेअरिंग. कोणता माल किती खपतो, किती उरला की नवी मागणी पाठवायची, जुना माल आधी कसा बाहेर काढायचा. एका पट्ट्यासाठी गाडी डेपोत उभी राहिली की प्रवासी ड्रायव्हरला शिव्या देतात, भांडारात काय घडले ते कुणी विचारत नाही. नानांना ती रात्र तशीच वाटली होती.

भाऊ वॉर्डात असतानाच एका दुपारी ते त्या औषधनिर्मात्याशी बोलायला गेले. माणूस भला होता. तिघांचे काम एकटाच करीत होता.

"साहेब, महिन्याला किती कुपी लागतात?" नानांनी विचारले.

"काका, लागतात किती हे कोण मोजतो? मागच्या वर्षी जेवढ्या मंजूर झाल्या तेवढ्याच यंदा मागतो."

"आणि केंद्रांना जास्त का देत नाही? साप तर तिकडेच चावतात."

तो जरा थांबला. "दिल्या आणि वापरल्या नाहीत तर मुदत संपते. मग ऑडिटवाले विचारतात. तिथल्या डॉक्टरही घाबरतात. चार ठेवल्या की कुणी बोलत नाही."

यातली गंमत अशी की चारऐवजी चाळीस ठेवल्या आणि त्यातल्या दहा वाया गेल्या, तर त्याची नोंद कागदावर उमटते. चारच ठेवल्यामुळे वाटेत दगावलेल्या माणसाची नोंद भांडाराच्या कुठल्याही वहीत होत नाही. साप पावसाळ्यात जास्त निघतात हे खेड्यातल्या पोराला कळते. मागणीपत्राला ते कळत नाही.

आणि ही कुपी ऐनवेळी तयार करता येत नाही. तिचा प्रवास फार लांबून सुरू होतो. चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे इरुळा आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८ साली स्थापन झालेली. पूर्वी हे लोक कातडीसाठी साप धरीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदा बंद झाला आणि त्यांच्या कौशल्याला दुसरा मार्ग मिळाला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप ते परवान्याने पकडतात, काही आठवडे मडक्यांत ठेवून विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. देशातल्या औषधासाठी लागणारे विष मुख्यतः इथूनच जाते. या जमातीतल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदय्यन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे ते विष अगदी थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात, मात्रा हळूहळू वाढवीत नेतात, मग त्यांच्या रक्तातून औषध वेगळे करतात. मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. या सगळ्याला महिनेच्या महिने जातात. जुलैत टंचाई झाली म्हणून घोड्याला घाई करता येत नाही. म्हणजे पावसाळ्याची तरतूद आदल्या वर्षीच व्हायला हवी.

एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी.

ज्या तमिळनाडूतून हे विष येते त्याच राज्याने औषधांच्या भांडाराचा प्रश्न चांगला सोडवून दाखवला आहे. १९९४ साली तिथे औषधखरेदीसाठी सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी कामाला लागले. आधी त्यांनी औषधांची लांबलचक यादी छाटून अडीचशेच्या आसपास आणली. राज्यभराची खरेदी एकत्र केल्यामुळे भाव उतरले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभी राहिली, तिथला साठा संगणकावर दिसू लागला. सगळ्यात सुरेख कल्पना पासबुकाची. बँकेत असते तसे पासबुक प्रत्येक रुग्णालयाला आणि केंद्राला दिले. त्यात वर्षाला किती रुपयांची औषधे उचलता येतील ते लिहिलेले. केंद्राच्या डॉक्टरने गोदामात जायचे, आपल्या भागात जे लागते ते उचलायचे, नोंद करून घ्यायची. ज्या भागात साप जास्त, तिथे सर्पविषाचे औषध जास्त. वरून ठरवून पाठवलेली खोकी स्वीकारत बसायचे नाही.

माल वेळेवर आला म्हणजे झाले असेही नाही. नानांना १९८६ सालची मुंबईतली बातमी अजून आठवते. जे. जे. रुग्णालयात भेसळीचे ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी करून अहवाल दिला, तेव्हा औषधखरेदीतला सगळा गाळ वर आला. औषध भांडारात होते, वॉर्डातही पोहोचले होते, फक्त ते औषध नव्हते. तमिळनाडूच्या पद्धतीत आलेल्या मालाचे नमुने कंपनीचे नाव झाकून प्रयोगशाळांकडे जातात. कोणाचा माल तपासतो आहोत हे तपासणाऱ्याला कळत नाही. चाचणीत उतरल्यावरच माल वाटला जातो.

राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू करताना हाच धडा गिरवला. महाराष्ट्रात २०१७ पासून खरेदी हाफकिनच्या कंपनीकडे सोपवली गेली, तक्रारी होत राहिल्या, आणि २०२३ मध्ये कायदा करून वेगळे प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने मुंबईत कितीही चोख खरेदी केली, तरी डोंगरापलीकडच्या केंद्रात कुपी किती असाव्यात हे तिथल्या वहीतूनच कळायचे, आणि ती वही खरी लिहिली गेली तरच.

यंदा मेच्या अखेरीस, पेरणीच्या आधी, नाना आणि भावजय केंद्रात गेले. डॉक्टरबाई त्याच होत्या. नानांनी एक कागद पुढे ठेवला. गेल्या पाच वर्षांत आसपासच्या सात गावांत कुणाला, कोणत्या महिन्यात साप चावला, याची ती यादी होती. भावजयीने घरोघर फिरून माहिती गोळा केली होती, नानांनी डेपोतल्या सवयीने रकाने आखले होते. जुलै आणि ऑगस्टचे रकाने भरून गेले होते.

डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचला. मग एक प्रत मागणीपत्राला जोडली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाना पुन्हा गेले. "बाई, कपाट बघू का?" त्यांनी जरा संकोचूनच विचारले. बाईंनी ड्रॉवरमधून किल्ली काढली. ती आता रात्रपाळीच्या सिस्टरकडेही असते. कपाटात २४ कुपी होत्या. नानांनी मुदतीच्या तारखा पाहिल्या, जुन्या पुढे ओढल्या, नव्या मागे सरकवल्या.

"आणि काचेच्या नळ्या?" मागून भावजयीने विचारले.

"त्या मात्र अजून आल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "मीच तालुक्याहून दोन डझन विकत आणून ठेवल्यात."