हवापालटाचे गाव

आजारातून उठलेल्या माणसाला चार दिवस समुद्राकाठी पाठवावे, ही समजूत आपल्याकडे जुनीच. या समजुतीवर एक अख्खे शहर उभे राहिले, ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन. पत्नीच्या निधनानंतर मुलीने मला इंग्लंडला आपल्या घरी नेले, तेव्हा या गावी काही दिवस राहण्याचा योग आला. वसईला माझ्यासमोर तिचे नाव कोणी काढीत नसे. मला जपण्याचाच त्यात हेतू होता.

ब्रायटन मुळात मासेमारांचे गाव. शेजारच्या लुइसचे डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० साली समुद्रजलाच्या औषधी उपयोगावर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या पाण्यात स्नान करावेच, पण ते प्यावेही, असे त्यांचे मत. रुग्णांची रीघ लागली. मागोमाग १७८३ साली युवराज जॉर्ज आला. त्याच्यासाठी वास्तुविशारद जॉन नॅश याने १८१५ ते १८२३ या काळात हिंदुस्थानी घुमटांचा रॉयल पॅव्हिलियन हा प्रासाद सजविला. १८४१ साली लंडनहून आगगाडी आली आणि राजाचे विश्रांतिस्थान सामान्यांचेही झाले.

या आरोग्यधामात एका हिंदी माणसानेही नाव काढले. पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद यांनी येथे औषधी वाफेचे स्नानगृह काढले. अंग रगडण्याच्या त्यांच्या उपचाराला इंग्रज ‘शाम्पू’ म्हणत. म्हणजे आपली चंपीच! राजा चौथा जॉर्ज याने त्यांना राजाश्रय दिला.

याच जॉर्जने युवराज असताना, १७८५ साली, मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी गुप्तपणे विवाह केला होता. राजाच्या संमतीवाचून झालेला हा विवाह कायद्याने रद्दबातल ठरला; रोमने मात्र तो ग्राह्य मानला. १७९५ साली जॉर्जने राजघराण्यातील दुसरी वधू केली. मारिया राणी म्हणून कधीच ओळखली गेली नाही. १८३७ साली ती ब्रायटनलाच निवर्तली. तेथील संत योहान बाप्तिस्ता यांच्या ख्रिस्तमंदिरात तिचे स्मारक आहे. गुडघे टेकलेल्या त्या मूर्तीच्या बोटात तीन अंगठ्या आहेत: दोन दिवंगत पतींच्या आणि तिसरी जॉर्जची. कायद्याने जे नाकारले, ते या दगडाने निमूटपणे नोंदवून ठेवले आहे.

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या डिसेंबरात, तोच राजप्रासाद जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय झाला. त्यांच्या धर्माचारांचा मान राखून नऊ स्वयंपाकघरे मांडली गेली. हिंदू आणि मुसलमान यांच्यासाठी पाण्याची निराळी सोय झाली. मात्र बरे होत आलेल्या जवानांना गावात मोकळेपणी फिरण्याची मुभा नव्हती. शुश्रूषा होती, विश्वास नव्हता.

ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांवर शहराबाहेरील पॅचमच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले. तेथे १९२१ साली संगमरवरी ‘छत्री’ उभारण्यात आली, परंतु तिच्यावर एकाही मृताचे नाव नव्हते. ती ५३ नावे जवळच्या शिळेवर कोरली गेली २०१० साली.

मी त्या शिळेपुढे उभा राहून एकेक नाव हळू आवाजात वाचले. मुलगी शेजारी होती. अखेरचे नाव झाल्यावर तिने आईचे नाव उच्चारले. कित्येक महिन्यांनी ते माझ्या कानी पडले. डोळे भरून आले, पण छातीवरचे ओझे हलके झाले.

समुद्राची हवा शरीराला उभारी देते, यात शंका नाही. परंतु माणसाला माणूस म्हणून कोणी ओळखावे, त्याच्या माघारी त्याचे नाव घ्यावे, ही भूक कोणत्याही पाण्याने शमत नाही. नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांची नावे कागदावर लिहून वेदीपाशी ठेवतो. वाचकहो, यंदा ती यादी करताना घरातील मुलांना जवळ बसवा आणि प्रत्येक नाव मोठ्याने उच्चारा.